वाटीत राहिलेला बोल्ट

तर शनिवारी सकाळी दुकानात सगळ्यांत आधी आली ती बाई. हेल्मेट काखेत, हातमोजे दातांत, आणि दोन्ही हातांनी केस बांधत होती. तिचा नवरा मागून मोटरसायकल ढकलत आला. मी म्हटलं, "बंद पडली वाटतं?" तर म्हणाला, "नाही हो आजी, छान चालते. गल्लीत कुणाचं तान्हं झोपलेलं असलं तर, म्हणून बंद केली." अशा माणसाचं वाईट होऊ नये.

मृत्युपत्रात हे कशाला, असं शेजारचे पंक्चरवाले विचारताहेत. कशाला ते पुढे येईलच. पण त्यांच्या समाधानासाठी आधी रीतीचं लिहिते.

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, शिक्षण चौथी, धंदा मोटरसायकलच्या सीटा शिवणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे माझ्या हाताने आणि शुद्धीवर असताना लिहीत आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आहे, पण ते माणसाचं नाही, एका बोल्टचं आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला वेळ नव्हता.

कलम पहिलं. मागच्या दोन खोल्या, पोटमाळा आणि परसातला नळ ही माझी आणि मालकांची, म्हणजे माझ्या कैलासवासी यजमानांची, स्वकष्टाची मिळकत मुलगा आणि मुलगी यांना निम्मीनिम्मी. नळ दोघांचा. नळावरून भांडलात तर मी जिथे असेन तिथून बघेन. बँकेतली ठेव आधी माझ्या शेवटच्या खर्चाला, उरेल ती सुनेला. मुलाला नाही, सुनेला. तिने माझं पथ्यपाणी केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

कलम दुसरं. माझी मोठी कात्री धाकट्या जावेकडे आहे. सतरा वर्षांपूर्वी पडदे कापायला म्हणून नेली ती नेलीच. ती कात्री मी तिलाच देत आहे. तिची चोरी माझी भेट झाली, हे तिला जन्मभर खुपेल.

कलम तिसरं. मालकांची जुनी मोटरसायकल, जी छपराखाली उभी आहे, ती लेकीच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला. किक मारताना घोटा सांभाळावा, मालकांचा दोनदा सुजला होता. ही गाडी भंगारात घाला म्हणून मुलगा वीस वर्षं पाठीस लागला होता. कारण मधल्या काळात गाड्याच वेगळ्या आल्या होत्या. चालवणारा टाकीवर पालथा आणि मागची बाई माळ्यावर ठेवलेल्या डब्यासारखी. तेवढ्याशा उतरत्या सीटवर मी शिवणार काय आणि ती बसणार काय! माझं काम निम्म्यावर आलं. मुलगा म्हणायचा, "आई, बंद कर आता. मोबाईलचं दुकान टाकू." मी म्हणायचे, "माणसाची पाठ बदललेली नाही रे. गाड्या परत येतील."

आणि आल्या की! गोल दिवा, पोटाकडे फुगलेली टाकी, सरळ हँडल, आणि बाकासारखी लांब सपाट सीट. दिसायला मालकांच्या गाडीची धाकटी बहीण, पण बटण दाबलं की सुरू. त्या बाईला मी विचारलं, "एवढ्या चकचकीत गाड्या सोडून ही का घेतलीस गं?" ती म्हणाली, "आजी, मला रोज मोजणी कार्यालयात जायचंय, शर्यतीला नाही. हिच्यावर पाठ ताठ राहते, मागे हे नीट बसतात, आणि पिठाचं पोतंही बसतं." नवरा म्हणाला, "पोतं आणि मी, दोघांत हिला फरक वाटत नाही." तो पावाच्या भट्टीवर काम करतो, अंगाला पिठाचाच वास. गाडी तिची, हा मागे बसणारा. मला इतका आनंद झाला, की चहा दोनदा केला.

कलम चौथं, म्हणजे दुकान.

तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, नुसते चवडे टेकायचे. म्हणून सीट खोलून फोम दोन बोटं कमी केला, नवं रेक्झिन ताणून बसवलं. माझी पद्धत अशी, की सीट उलटी केली की खालच्या पत्र्यावर खडूने गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा, म्हणजे सीटांची अदलाबदल होत नाही. नात शंभरदा म्हणाली, "आजी, वहीत लिही गं." मी म्हणायचे, "वही हरवते, सीट कुठे जाते?" सीट गेली, नंबर घेऊन गेली.

सीट पुढून टाकीखाली अडकते आणि मागून दोन बोल्टांवर बसते. मी एक आवळला. तेवढ्यात तो म्हणाला, "आजी, तुम्ही बसा, फोटो काढतो." मी बसले. मग ती म्हणाली, "धरून बसा," आणि मला मागे घेऊन गल्लीला चक्कर मारून आली. पंक्चरवाले हसत होते, मी पण हसत होते, पदर वाऱ्यावर. मालक गेल्यावर पहिल्यांदाच बसले. उतरले ती कौतुकातच. त्यांना टाटा केला, आत आले, आणि वाटीत बोल्ट.

म्हणजे मी स्वतःही एका बोल्टवर फिरून आले.

मालकांचा नियम होता, सीट बसवली की दोन्ही हातांनी दोनदा वर ओढून बघायची, मगच गाडी द्यायची. छत्तीस वर्षांत मी तो मोडला नाही. त्या दिवशी ओढली की नाही, मला आठवत नाही. आठवतो तो वारा.

ती दोघं घाटापलीकडे वसतिगृहातल्या आपल्या मुलीला भेटायला गेली आहेत. पंक्चरवाले त्याच दिवशी स्कूटर काढून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. पेट्रोलपंपावर विचारलं, चौकीत सांगितलं. गाडीचा नंबर कुणालाच आठवेना, मी सीटच बघत होते. नातीने गाडीच्या शोरूमला फोन केला, ते गिऱ्हाइकाचा नंबर देत नाहीत. अपघाताची बातमी नाही, आणि खुशालीचीही नाही. पंक्चरवाले म्हणाले, "एका बोल्टवर सीट राहते हो, घाबरू नका."

"सपाट रस्त्याला राहते. घाटात खड्डे आहेत."

"तुम्ही फार विचार करता."

"तुमच्या बायकोला बसवाल त्या सीटवर?"

त्यावर ते पाना पुसत बसले.

तेव्हापासून रस्त्यावर कुठली गाडी थांबली की माझ्या छातीत धडधडतं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि घरच्यांना बोलवा म्हणाले. सबब हे मृत्युपत्र. मला मरणाची भीती नाही. त्यांच्या आधी मी गेले, तर बोल्ट कशाचा हे कोणाला कळणार नाही, याची भीती आहे.

तर दुकानाची तरतूद अशी. ती दोघं आपल्या पायांनी परत आली, तर दुकान, पाटी, शिवणयंत्र, सुयांचा डबा आणि फोमचे गठ्ठे नातीला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे आणि ती वहीत लिहिते. मुलाने आड येऊ नये. पण ती आली नाहीत, किंवा त्यांतलं एकच आलं, तर पाटी उतरवावी, यंत्र विकावं आणि मुलाने खुशाल मोबाईलचं दुकान टाकावं. माझ्या नावावर मग कोणी सीट शिवू नये. नातीला हे सांगितलेलं नाही. ती काल नवीन रेक्झिनचे नमुने लावून बघत होती, मला विचारत होती, "आजी, तपकिरी की काळं?" मी तपकिरी म्हटलं.

कलम पाचवं, आणि हे सगळ्यांत वरचं समजावं. मी असो वा नसो, ती दोघं आली की आधी गाडी स्टँडवर घ्यावी. चहा नंतर, माझी बातमी त्याच्याही नंतर. बोल्ट बसवावा, दुसराही परत आवळावा, दोन्ही हातांनी दोनदा ओढून बघावं. मग त्या बाईला सांगावं की चूक माझी होती, आनंदाच्या भरात झाली. तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये माझा फोटो आहे, तो नातीने मागून घ्यावा. भिंतीवर लावायचा तर तोच लावा.

साक्षीदार पहिले, शेजारचे पंक्चरवाले. त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, "बाई शुद्धीत आहेत, मला दोनदा रागावल्या."

साक्षीदार दुसऱ्या, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या बाई, ज्या मला दोन वर्षं चष्म्याचा नंबर बदला म्हणून सांगत होत्या. त्यांनी आज ते एकदाही काढलं नाही, फक्त सही केली आणि माझा हात धरला.

माझी सही केली आहे, जरा वाकडी आहे पण माझीच आहे.

ठिकाण, दुकानात, शिवणयंत्रासमोर. वार मंगळवार, संध्याकाळचे पाच. बोल्ट वाटीत, वाटी खिडकीत, पाना शेजारी. ती दोघं जाताना म्हणाली होती, गुरुवारी परतताना दुकानात येतो, दुपारच्या आत.