टोपलीतले मणी

रोशनी, असशील तिथं,

सदरच्या बाजारातून आली की तू दारातूनच "सलो!" अशी हाक मारायची. तुझी लेक सलोनी जन्मापासून बहिरी, तरी तुझी सवय काही सुटली नाही. मागच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध झालं.

ऑपरेशननंतर आज माझ्या दवाखान्यात मीच तिच्या कानाचं मशीन सुरू केलं. आवाज आला की टोपलीत मणी टाकायचा, एवढं शिकवलं होतं. तिनं बरोबर टाकले. मग मी आवाज देणं थांबवलं, तरी ती टाकूनच राहिली होती.

आपली आई म्हणाली, "दाराकडे पाहून काहून हसून राहिली ही?"

मी मशीन उतरवून टेबलावर ठेवलं. सलोनीनं दाराकडे पाहत आणखी एक मणी टाकला.

हाक मार, पण जरा हळू. तिचे कान अजून नवे आहेत.

तुझी दीदी,
सुमेधा