शिवाचा सर्व्हर आणि दुपारचं शटर

शिवा,

न्हाय, भंगारात दिला न्हाय तुझा डबा. ते आधी ऐक, मग बाकीचं. कुणी विचारलं म्हणून सांगते असं न्हाय. कुणीच विचारत न्हाय. पण तू असतास तर दारातनंच ओरडला असतास, "अक्का, माझा सर्व्हर कुटं हाय?" म्हणून सांगितलं. हाय. जागेवरच हाय.

वर सवयीनं "चि." लिहिलं होतं, ते खोडलं. आता तुला ते कसं लिहायचं? धाकट्यानं आधी जायचं नसतं, एवढी साधी रीत कळू नये तुला! जाऊ दे. आता बोलून काय उपयोग?

पत्र आत्ताच का, तर दुपारचा दीड वाजलाय, तुझी श्रुती घरी जेवायला गेलीय, आणि मला रिकामं बसायची सवय न्हाय. तुझ्याच टेबलावर बसून एका वाया गेलेल्या बिलाच्या पाठीवर लिहितेय. शेजारी तुझा डबा, तो बिलांचा कॉम्प्युटर, घोंगावतोय. आणि शटर खाली हाय. व्हय, दुपारी! तुझ्या वेळी असायचं तसं. हस की आता.

हे असं सहज झालं न्हाय बरं का.

तू गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असंल? दुपारचं शटर बंद करायचं बंद केलं. किती वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडत होते! सांगोल्याचा माणूस विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटर घेऊन उन्हाचा हितं येतो, त्याला सील पायजे, बेअरिंग पायजे, आणि हितं मालक बाकड्यावर चादर टाकून आडवा! तू म्हणायचास, "अक्का, अर्धं सोलापूर झोपलंय, आपणच का जागायचं?" मी म्हटलं, आता बघ. आता अक्काचं दुकान.

आणि गिऱ्हाईक आलं की! सांगोल्याची, करकंबची माणसं दुपारी यायला लागली. मी खूश. पण त्याच वेळी तुझ्या डब्याला काय झालं कुणास ठाऊक. सकाळी बिलं कशी पटापटा निघायची. दुपारी बिल करायला घेतलं की पडदा जागचा हलायचा न्हाय. वाटलं, उन्हाळा हाय, माणसं मंदावतात तसं मशीन मंदावलं असंल. पण पाऊस येऊन गेला तरी तेच. करकंबचे बापू तुला आठवतात का, ते धोतरवाले, एकच फूट व्हॉल्व घेतला बिचाऱ्यांनी, आणि बिलासाठी दोन चहा होईपर्यंत बसले.

"अक्का, तिकडं पीक वाळाया लागलंय आन् तुमचं बिल अजून छापतंयच व्हय?"

"बापू, मशीन हाय, देव न्हाय. थांबा की जरा."

न्हाय थांबले. उठले ते समोरच्या दुकानात गेले. शिवा, माझ्या डोळ्यादेखत समोरच्या दुकानात! तुझ्या हातचं गिऱ्हाईक.

श्रुतीनं पडद्यावर काहीतरी उघडलं आणि म्हणाली, "आत्या, प्रोसेसर शंभर टक्क्यावर गेलाय."

"मग चांगलंच की! तुझ्या बापाला शाळेत कधी पडले न्हाईत एवढे."

"तसं नाही गं आत्या. त्याची सगळी ताकद दुसऱ्याच कशात तरी चाललीय. आपल्या बिलासाठी काही उरतच नाही."

तुझा दोस्त इम्रान बघायला आला. पण तो येणार त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आटपून, संध्याकाळी. संध्याकाळी डबा एकदम शहाणा! डॉक्टरापुढं बसलं की पोराचा खोकला थांबतो, तसं. इम्राननं बंद करून पुन्हा चालू केला, व्हायरस शोधला, चार गोष्टी काढून टाकल्या, चहा पिला, गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घूंऽऽ.

मग त्यानं डबा खोलला. आत ही एवढी धूळ, आणि त्यात काय निघालं सांगू? कुंकू. दसऱ्याला मी लावते ना, ते जाळीतनं आत पडलेलं. श्रुतीला निमित्तच मिळालं.

"आत्या, हे तुझं काम! पप्पा सांगत होते ना, जाळीवर लावू नको म्हणून!"

मीच फडकं आणलं. कुंकू तर माझंच. पंखा धुऊनपुसून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच! मी म्हटलं, बघ, कुंकवाचा काय दोष न्हाय. मला लई बरं वाटलं, खरं सांगते.

पण इम्राननं हात टेकले. "अक्का, बुड्ढा हो गया ये. अब छुट्टी दे डालो." श्रुतीनं नव्या मशीनचं विचारून ठेवलं. म्हणाली, शनिवारी सांगून टाकते, जुनं ते लोक घेऊन जातील.

घेऊन जातील म्हणे! पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला डबा तू एसटीत मांडीवर घेऊन आलेलास. पाय बधिर झालेले, तरी खाली ठेवला न्हाईस. मला कौतुकबिवतुक करायला आवडत न्हाय, तुला माहीत हाय. जुनं झालं की टाकावं. पण का बिघडलं ते कळायच्या आधी टाकावं, हे मला पटत न्हाय. मी इम्रानला म्हटलं, "ज्या वेळी दुखतंय त्या वेळी ये की रे बाबा. भाकरी घालते, पण दुपारी ये." शुक्रवारी त्याची नमाज, म्हणून गुरुवारी आला.

ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वांगं. इम्रान तुझ्या खुर्चीत जेवत बसला, उजव्या हातात घास, डाव्या हातात माऊस. एक वाजून गेला आणि पंखा घोंगावला.

"आला, आला!" घास तसाच ठेवून तो पडद्यावर वाकला. कुठला प्रोग्रॅम किती खातो त्याची यादी तिथं दिसते म्हणे. सगळ्यात वर एकच नाव, बाकी सगळं उपाशी. त्यानं ते नाव दोनदा वाचलं. मग म्हणाला, "अक्का, ये तो शिवाभाई ने लगाया है."

तूच की रे! रोज दुपारी एकनंतर दुकानाची सगळी बिलं, पहिल्या दिवसापासूनची, दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि एकेक तपासायचं, असं त्याला लावून ठेवलेलंस. एक डिस्क गेली तर दुसरी असावी म्हणून. बिलं वर्षावर्षाला वाढत गेली, काम लांबत गेलं. पण एकला शटर खाली, गिऱ्हाईक न्हाय, बिल न्हाय. डबा निवांत आपलं काम करायचा, आणि चारला तू उठायच्या आत मोकळा व्हायचा. कुणाला कळलंच न्हाय कधी! तू गेलास तरी तो आपला रोज दुपारी तुझं काम करतोय, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर बापूंचं बिल ठेवतोय. तो तरी काय करणार?

इम्रान म्हणाला, "पण हे काम सगळे रात्री लावतात. भाईने दोपहर को क्यूं लगाया?"

श्रुतीनं माझ्याकडं बघितलं. मी मेन स्विचकडं.

रात्री मेन स्विच मी स्वतःच्या हातानं पाडते. गल्लीतलं ते कपड्याचं दुकान वायर जळून खाक झालं तेव्हापासून. तू एकदाच विचारलं होतंस, "अक्का, रात्री मशीन चालू ठेवू का?" मी म्हटलं, "दुकान पेटलं तर विझवायला तू येणार का?" परत विचारलं न्हाईस. भांडला पण न्हाईस. गपचूप दुपारचं लावून टाकलंस.

आता खरं सांग. तू झोपायचास म्हणून डब्याला दुपार दिलीस, का डब्याला दुपार पायजे म्हणून झोपायचास? इम्रान म्हणतो, भाई मशीनसाठी दुकान बंद ठेवायचे. श्रुतीचे डोळे लगेच भरले. मी म्हटलं, गप गं, घोरायचा तो! मशीनसाठी कुणी घोरत न्हाय.

नवं मशीन रद्द. इम्राननं तुझं काम थोडं हलकं केलंय. जुनी बिलं आता आठवड्यातनं एकदाच, शटर दिवसभर बंद असतं त्या सुट्टीच्या दिवशी, मी इथं बसून करवते. रोज फक्त नवीन. तरी जुना जीव हाय, वेळ लागतोच. तो म्हणाला, रात्री चालू ठेवा. मी म्हटलं, मेन स्विचचं नाव काढू नको. शटर खाली.

एक ते तीन. चार न्हाय. तू लाडावलेला होतास.

आणि काल बापू आले की! करकंबहून, ऐन दुपारी. शटर वाजवलं. मी अर्धं वर केलं.

"पुन्हा शिवाअण्णावानी बंद व्हय?"

"व्हय. काय पायजे ते घेऊन जावा, बिल तीनला."

"मला घाई न्हाय आज." पायरीवर सावलीत बसले, पटका डोक्याखाली घेतला. "बरं केलं अक्का. दुपारचं उघडं दिसायचं तवा वाटायचं, दुसऱ्याच कुणाचं दुकान हाय." आणि झोपले पण! तीनला उठवलं, बिल डोळ्याचं पातं लवायच्या आत हातात. जाताना समोरच्या दुकानाकडं बघितलं पण न्हाय त्यांनी. मी बघितलं.

तर ऐक. मेन स्विच रात्री मीच पाडणार, शटर दुपारी मीच ओढणार. दसऱ्याला कुंकू लावणारच, पण बाजूला, जाळीवर न्हाय. डबा चालतोय तोवर चालवीन. ज्या दिवशी खरंच थकेल त्या दिवशी नवा आणीन, रडारड करणार न्हाय, आणि नव्याला पण दुपार देईन. हा शब्द.

तीन वाजत आले. श्रुती येईल. काल ती विचारत होती, बाकड्यावरच्या चादरीची घडी कुणी मोडली म्हणून. तिला सांगितलं न्हाय. तुला पण सांगणार न्हाय.

तुझी,
अक्का