आभाळातून काढलेली मांजर

४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ महिने झाले, तुझं एक अक्षर नाही. मी कडी लावली नाही म्हणून ठकू पळाली असं तू म्हणतेस, तर मान्य. पण मांजरीपायी सख्ख्या भावाला वाळीत टाकायचं म्हणजे अतीच झालं.

तारांगणाच्या घुमटावर आकाश रंगवायचं काम मिळालंय. माळ्यावर सापडलेला जुना नकाशा बघून मी दक्षिणेचं आकाश रंगवलं. काल संचालकांनी मान वर करून विचारलं, की ही मांजर कुठून आली. नकाशातच होती म्हटलं. तर म्हणे, हा तारकासमूह कधीच बाद झालाय. एका ज्योतिर्विदाला मांजरं फार आवडायची, आभाळात जागा रिकामी दिसली, त्याने बसवली. नावामागचं कारण एवढंच. पुढे जाणकारांनी आकाशाची वाटणी केली, त्यात बिचारीच्या वाट्याला काही आलं नाही.

सोमवारपर्यंत पुसली नाही तर काम दुसऱ्याला जाईल. पण हात धजत नाही. मी ती ठकूसारखी काढलीय, डावा कान तुटका. तुला दाखवून तुझा राग घालवायचा होता. काय करू ते कळव.

तुझ्या रागासकट तुझाच,
धाकटा

७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मुकाट्याने पूस. हातचं काम घालवशील तर मी कान उपटीन. मात्र एक तारा राहू दे. त्या समूहातल्या एका ताऱ्याला अलीकडे रीतसर मांजरीचंच नाव दिलंय. मी उगाच शाळेत भूगोल शिकवत नाही. सोबत पुस्तक पाठवतेय, ते संचालकांना दाखव.

आता दुसरं. कडी तू लावली होतीस. तू गेल्यावर कपडे वाळत घालायला मागची खिडकी मी उघडली आणि विसरले. खापर तुझ्यावर फोडलं, तू निमूट माफी मागितलीस. मग कोणत्या तोंडाने पत्र लिहू? मला फार लाज वाटते रे.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी ताई

११ जून

ति. ताईस,
सा. न.

मांजर पुसली, तारा ठेवला. संचालकांनी पुस्तक दोनदा पाहिलं आणि काम माझ्याकडेच ठेवलं.

कडी लावल्याचं मला तेव्हाही पक्कं आठवत होतं. पण तू इतकी रडत होतीस, की वाद घालवेना.

रविवारी बघायला ये. येताना दाराला कुलूप लाव, मागची खिडकी मात्र उघडीच ठेव. ठकूचा काय नेम.

तुझा,
धाकटा