बत्ती कोण बंद करून राहिलं?

४ मे, रविवार

पुन्हा गेली! गल्लीत सगळ्यांचे पंखे चालू, फक्त आमचे बंद. अक्का म्हणाली, "करुणाच आली असन. जिवंतपणी तरी कुठं रिकाम्या खोलीत पंखा चालू देत होती!"

हे मात्र खरं. माझी बायको, करुणा, आयुष्यभर माझ्या मागे बटणं बंद करत फिरली. मी आंघोळीत असतानासुद्धा. ती गेली तेव्हापासून माझी मोठी बहीण म्हणून अक्का रामाकोन्याहून येऊन राहिली आहे. मी नको म्हटलं होतं. ती ऐकते कुठे!

बत्ती जाते ती बोर्डावरच्या नव्या डबीमुळे. आमच्या मुलाने, रोहितने, पुण्याहून रोज फोन करून चेतन मिस्त्रीकडून बसवून घेतली. करंट कुठे गळला की ती घराची बत्ती तोडते. अक्काला सांगून पाहिलं. "हो का," म्हणाली आणि बोर्डाला हळदीकुंकू लावायला निघाली. कसंबसं अडवलं.

५ मे

लिहावं की नाही?

डबीचं बटण वर केलं की खटकन खाली. परत वर, परत खाली. अक्काने डोक्यावर पदर घेतला. "पिंडाले कावळा शिवत नाही तवा काय करतो आपण? काहीतरी कबूल करतो. कर ना कबूल!"

शेजारच्या मीनाबाईसुद्धा येऊन हात जोडून उभ्या. मी म्हटलं, बीपीची गोळी रोज घेईन. बटण वर — खटकन!

"गोळीनं नाही पटत तिले," मीनाबाई म्हणाल्या. "तिचं काही मनातलं असन, भाऊजी."

तिची शिलाई मशीन कुणाला देणार नाही. खटकन!

"दारातला कूलर तर सरकवा," अक्का म्हणाली. "येईन कशी बिचारी?" मीनाबाईंनी प्लग काढला, कूलर बाजूला ओढला. मी म्हटलं, दोन वेळा नीट जेवीन. आणि बटण वर राहिलं!

दोघी रडल्या. मी जन्मभर आठवीच्या पोरांना वीज शिकवली आणि आज फ्यूज बोर्डापुढे हात जोडून उभा होतो. जेवताना अक्काने तिसरी पोळी वाढली. नको म्हणता येईना. कबूल केलं होतं.

६ मे

कूलर परत लावला. बटण पडलं नाही. म्हणजे कूलर नव्हता? अक्का विजयी चेहऱ्याने हिंडते आहे.

७ मे

कूलरच होता!

अक्का अनवाणी कूलरमध्ये पाणी ओतत होती. फरशी ओली. तोल सावरायला दुसरा हात पत्र्याला लावला — "अगं माय!" आणि लगेच खटकन. पंखे बंद. अक्का खाली बसलेली, हातातली बादली तशीच. "मुंगी चावल्यावानी झालं," म्हणाली. मुंगी! माझ्या हातातला पेला सुटला.

चेतन आला. आतल्या पंपाची वायर सोललेली. ओली झाली की करंट पत्र्यात, सुकली की काही नाही. त्याने वायर बदलली. डबीवरचं छोटं बटण दाबून दाखवलं. ते दाबलं की डबी मुद्दाम पडते, म्हणजे चालू आहे हे कळतं. महिन्यातून एकदा दाबा म्हणाला. अक्का फार लक्ष देऊन पाहत होती.

मग मी तिला समजावलं. वऱ्हाडाच्या बसने जितके गेले तितकेच परत आले पाहिजेत. एक जरी कमी भरला तर डबी बस थांबवते.

"आन् तो एक कुठं गेला?"

"तुझ्या अंगातून जमिनीत."

"मुलाकडचाच असन मेला."

१० मे

बत्ती परत जाऊ लागली. कूलर ठीक, तरीही. नेमका मी खुर्चीत टेकलो की! उठायचं, स्टुलावर चढायचं, बटण वर करायचं. तोवर अक्का चहा घेऊन हजर. "काय झालं रे?" मग सांगत बसा.

चेतनने मोटर, मिक्सर, फ्रिज, सगळं तपासलं. कुठेच गळत नाही. "डबीच खराब असन, सर. काढून डायरेक्ट करून देतो." नवी डबी नागपूरहून मागवावी लागेल, आठवडा जाईल. रोहित म्हणतो, या डबीचा भरवसा नाही, तोवर कूलर लावू नका. मे महिना, आमचं पांढुर्णा, आणि कूलर नको! पुण्यात बसून बोलायला काय जातं.

डायरेक्ट करणार नाही. करुणाच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं. ही डबी तरी आहे.

११ मे

आज कूलर बंद ठेवला. अक्काला घेरी आली.

१२ मे

हरलो. चेतनला म्हटलं, काढ, पण अक्काने कूलरला हात लावायचा नाही. पाणी मी भरणार. त्याने पहिला स्क्रू फिरवला, आणि अक्का स्वयंपाकघरातून धावत आली.

"थांब रे बापा! नको काढू! ते मीच दाबत होती!"

हातात लाटणं. त्याच्या टोकाने छोटं बटण दाबायची म्हणे. "लाकडातून करंट लागत नाही, या भूपेंद्रानंच सांगतलं होतं."

चेतन: "अक्का! मी माळ्यावर उंदीर शोधून राहिलो ना!"

मी काहून म्हणून विचारलं. जोरातच.

"काहून म्हणजे? दिवसभर हा खुर्चीत बसून राहते. हूं नाही का चूं नाही. बत्ती गेली की उठते तरी, चार शब्द बोलते तरी! मले दुसरं काय सुचन?"

चेतन स्क्रू परत घट्ट करत राहिला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

१५ मे

बत्ती जात नाही. कूलर गार हवा देतो आहे. अक्का माझ्याकडे बघतही नाही.

दुपारी ती टीव्हीपुढे बसलेली पाहिली आणि मी लाटणं घेतलं. खटकन!

"भूपेंद्र! देवाशपथ, मी नाही! आज खरंच करुणा आली रे!" — आणि धावत आली तर स्टुलावर मी, हातात लाटणं. मला हसू आवरेना. इतकं, की मीनाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.