आईच्या गालावरची धूळ

निगेटिव्हची पट्टी क्रमांक चौदा काचेवर ठेवली, स्कॅनरचे झाकण लावले आणि पुन्हा उघडले. तो धुळीचा कण होता की माझ्या डोळ्यातला ठिपका, कळेना. झाकण तसेच उघडे टाकून हे लिहायला बसले आहे.

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचेही नाही. अक्षर वाकडे आहे ते डोळ्यांमुळे. उद्या अकरा वाजता उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टरांनी इतक्यांदा सांगितले की मी कागद आणला.

१. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला. विकल्या तरी चालतील. अंधारखोलीतला लाल दिवा मात्र आधी उतरवावा. नवा मालक भलताच अर्थ काढील. या कलमाला एक अट आहे. ती पुढे.

२. बँकेत जे असेल ते पुतणीला.

३. निगेटिव्हवरून फोटो मोठे करणारा एनलार्जर भंगारात द्यावा. ‘दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेल’ म्हणत जे येतील त्यांना देऊ नये. ते काम करायचे यंत्र आहे.

४. स्कॅनर आणि निगेटिव्हच्या दोनशे बारा फायली पुतणीला. ती दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते, म्हणजे सावलीकडे बघायची तिला सवय आहे. तरीही सांगते. हातमोजे घालावेत. धूळ रबरी फुग्याने उडवावी, तोंडाने फुंकू नये. थुंकीचा डाग फिल्मवर जन्मभर राहतो. वाकलेली पट्टी दोन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवावी. पट्टी तिरकी धरून चमकती बाजू कुठली, मंद कुठली ते पाहावे, नाहीतर डावखुरा माणूस उजवा होतो. पहिली प्रत फिकी, मरगळलेली यायला हवी. घाबरून ती लगेच भडक करू नये. सावलीतले आणि उजेडातले, दोन्ही त्या फिकेपणातच शाबूत असते. भडकपणा नंतर कधीही आणता येतो.

आणि ‘धूळ काढा’ हा पर्याय बंद ठेवावा. रंगीत फिल्ममधून यंत्राचा न दिसणारा किरण आरपार जातो, फक्त धुळीला अडतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्रच चांदीचे असते. किरण चांदीलाही अडतो, आणि यंत्र तिला धूळ समजून पुसून टाकते.

५. आता अट. दोन वर्षांपूर्वी मी आजारी असताना धाकट्याने पट्टी चौदा परस्पर स्कॅन केली. तिच्यात आमच्या आईचा एकुलता एक फोटो आहे. त्याने तो पर्याय चालूच ठेवला. आईच्या दोन्ही गालांवर देवीचे वण होते. यंत्राने ते पुसले. धाकट्याने ती प्रत मोठी करून, चौकट लावून त्याच्या घरी भिंतीवर टांगली. येणारे-जाणारे म्हणू लागले, किती देखणी होती हो तुमची आई.

“तू आईचा चेहरा पुसलास,” मी म्हणाले.

“ताई, मी फक्त धूळ काढली गं.”

“ती धूळ नव्हती.”

“असू दे ना. छान दिसतेय.”

“छान दिसतच होती. तुझ्या बटणाची वाट बघत नव्हती.”

त्यानंतर मी त्याच्या घराची पायरी चढले नाही. तो फोटो उतरवला तरच दुकान आणि खोल्या त्याच्या, अशी अट मी आज तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. कागदावर खाडाखोड दिसते ती त्याची.

खोडली, कारण पुढचे फक्त मला माहीत आहे. वडिलांनी तीस वर्षे गावभराचे चेहरे टिपले. आई एकदाही कॅमेऱ्यासमोर बसली नाही. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या पहिल्या रोलसाठी बसली. बसताना म्हणाली, “वण दिसायचे नाहीत ना गं?”

“नाही दिसणार,” मी म्हणाले, आणि तिची खुर्ची खिडकीच्या बाजूला ओढली. बाजूच्या उजेडात कातडीवरचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो. ते मी नुकतेच शिकले होते. मला करून बघायचे होते.

फोटो उत्तम आला. आईने पाहिला, “बरा आलाय” म्हणाली, आणि ट्रंकेत कपड्यांखाली पालथा ठेवला. पुन्हा कधी बसली नाही.

मी मोडलेला शब्द धाकट्याने पाळला, तोही चुकीचे बटण दाबून.

अट रद्द.

६. पट्टी चौदा: मला तिचा खरा चेहरा हवा आहे. तिला तो नको होता. आपल्या मागे आपले म्हणणे चालावे म्हणून माणसे असे कागद करतात. आईने कागद केला नव्हता. सकाळपासून पट्टी चार वेळा काचेवर ठेवली, चार वेळा उचलली. पुढची ओळ कोरी सोडते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी समोरच्या औषधवाल्यांनी करावी. ते गोळ्या मोजून देतात, गप्पा मात्र मोजत नाहीत, तेवढे सोसावे.

साक्षीदार: शेजारचे घड्याळवाले (सही). वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही). दोघांनी माझ्यादेखत, मी त्यांच्यादेखत सही केली.
ठिकाण: दुकानाचे काउंटर. दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, दुपारी चार.
सही: मालकीण

पुरवणी, दुसऱ्या दिवशी सकाळी. धाकटा दवाखान्यात न्यायला साडेआठलाच आला. त्याला खिडकीची गोष्ट सांगितली. त्याने स्टूल स्कॅनरजवळ ओढले. मग हातमोजे मागितले. मला कण दिसेनात, म्हणून धूळ त्यानेच उडवली, पर्याय त्यानेच बंद केला. चेहरा पडद्यावर आला तेव्हा म्हणाला, “हनुवटीवर पण होते. विसरलोच होतो मी.” थोड्या वेळाने विचारले, “छापू?” मी नको म्हणाले. कोऱ्या ओळीत लिहिले: पट्टी धाकट्याला, भिंतीवरचा फोटो आहे तसा राहावा. साक्षीदारांना पुन्हा बोलावून सह्या घेतल्या. घड्याळवाले म्हणाले, “आता तरी संपलं का?” साडेदहाला निघालो. स्कॅनरचे झाकण उघडेच राहिले.