दुसरा प्रोसेसर वाचला

शनिवार, ऑक्टोबर १९९८

जमलं! आज मी हवेतच आहे.

दसऱ्याला मानपाड्याच्या आमच्या ऑफिसात मी दोन प्रोसेसरच्या नव्या सर्व्हरला झेंडूची माळ घातली, आणि दुसऱ्याच दिवसापासून तो बंद पडायला लागला. म्हात्रेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पाकळ्या पंख्यात गेल्या असतील. कोणी सांगितलेलं?" माळ काढून पुरावा असल्यासारखी ड्रॉवरमध्ये ठेवली. तरी सर्व्हर बंद पडतोच. मग म्हणे, दुसरा प्रोसेसरच काढून टाकू, एकावर नीट चालतं. अरे, मग हौसेने दोनवालं मशीन आणलं कशाला?

चूक आमच्या शिस्तीत होती. वेबसाइट आम्ही तपासायचो ती नळावर पाणी भरल्यासारखी, एकेक जण, रांगेने. दसऱ्याला ती सगळ्यांना खुली केली आणि गिऱ्हाइकं यायला लागली. ती कुठली रांग लावतायत? दोन्ही प्रोसेसर एकदम डेटाबेसकडे धावायचे आणि वेबसाइटला डेटाबेसशी जोडणारा मधला प्रोग्राम, म्हणजे जुना ड्रायव्हर, एका वेळी एकच काम पेलणारा, कोसळायचा. हे आधी का नाही सुचलं मला?

आज एकदम अनेक कामं पेलणारा ड्रायव्हर टाकला, सगळ्यांना आपापल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडून बसवलं आणि ओरडले, "एकदम दाबा रे!"

सगळ्यांच्या स्क्रीनवर पान उमटलं. परत दाबलं, परत उमटलं. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही.

साहेब म्हणाले, "त्या माळेला उगाच बोल लावला."

"आणि मला?"

साहेबांनी ड्रॉवरमधली सुकलेली माळ काढली आणि स्वतःच्या हाताने सर्व्हरला घातली. पंख्यापासून जरा लांबच, पण घातली.