काचेआडचा निबंध

तीर्थरूप अक्कास, पायांवर डोके ठेवतो.

आम्ही बापलेक मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारी सकाळी मी कॉलेजच्या भित्तिपत्रकाची काच पुसत होतो. आत एक बिननावी निबंध होता. ‘माझे वडील देवापुढे हात जोडतात, साहेबांपुढेही जोडतात. मतही साहेब सांगतील त्यालाच देतात. यातली भक्ती कुठली आणि भीती कुठली?’ अक्षर तुझ्या भाच्याचे, म्हणजे वडील मीच. राग आला, पण खोटे काय लिहिले होते?

दुपारी प्राचार्यांनी बोलावले. “काका, तो निबंध काढा. लिहिला कुणी, तुम्हाला कळलंच असेल की!” वर चहा पाजला. अकरा वर्षांच्या शिपाईगिरीत पहिल्यांदाच! यांना सगळे ठाऊक असून हे मलाच जोखताहेत, असे वाटते. आता कारकून खाकरला तरी दचकतो. घरी पोरगा जेवताना चोरून माझ्याकडे बघतो.

तू घोर लावून घेऊ नकोस, नोकरी अजून आहे.

आज देवाला हात जोडून थेट प्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, “कुणी लिहिलाय ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. आणि काढणारही नाही.”

तेव्हा मात्र हात जोडले नाहीत.

तुझा धाकटा